किल्ली उचलली की मागे लागणारा मुखवटा : फँटोला चुकवायचं कसं?

उनाडपतंग

सुपर मारिओ ब्रदर्स २ या व्हिडिओ गेममधल्या फँटो नावाच्या शत्रूबद्दल हा धागा. खेळ माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. काही लेव्हल्समध्ये पुढचं दार कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली दुसऱ्या एखाद्या खोलीत किंवा आत उतरता येईल अशा रांजणात ठेवलेली असते. किल्लीपाशी भिंतीवर एक मुखवटा टांगलेला दिसतो. खोलीत कितीही वेळ हिंडा, तो ढिम्म हलत नाही. किल्ली डोक्यावर घेतली की मात्र थरथरायला लागतो, भिंतीवरून सुटतो आणि थेट तुमच्या अंगावर येतो. मध्ये भिंत असो की जमीन, त्याला काही अडत नाही. दारातून दुसऱ्या खोलीत गेलात तर तिथेही मागोमाग हजर.

प्रश्न दोन आहेत.

एक, १-२ (म्हणजे पहिल्या जगातली दुसरी लेव्हल) मधल्या रांजणातली आणि १-३ च्या बुरुजातली किल्ली मार न खाता दारापर्यंत न्यायची खात्रीशीर पद्धत कोणती? १-३ मध्ये शिडीवर असताना तो हमखास गाठतो.

दोन, ज्याला मारता येत नाही असा शत्रू पहिल्याच जगात ठेवणं योग्य आहे का? माझ्या मते नाही. बाकी सगळा खेळ 'उचला आणि फेका' शिकवतो, आणि इथे फेकून मारण्याचा काही उपयोग होत नाही.

---

टोडप्रेमी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: टोड.

आता सविस्तर. खेळायला मारिओ, लुइजी, राजकन्या आणि टोड या चौघांपैकी एक पात्र निवडता येतं. रिकाम्या हाताने चौघांचाही पळण्याचा कमाल वेग सारखाच आहे. फरक पडतो तो हातात वस्तू आल्यावर. मारिओचा वेग तेवढाच राहतो, लुइजी थोडा मंदावतो, राजकन्या त्याहून मंदावते आणि टोडचा वेग उलट वाढतो. किल्ली ही डोक्यावर घेऊन न्यायची वस्तू, म्हणजे नेमक्या याच कामात टोड सगळ्यांत सरस. शिवाय तो वस्तू उचलतोही सर्वांत झटपट. राजकन्या वाकून उचलेपर्यंत टोड निघालेला असतो.

टोडची उडी चौघांत सर्वांत कमी आहे हे खरं, पण किल्लीच्या वाटेवर उडीपेक्षा वेगाची गरज जास्त लागते.

---

रात्रवेडी

किल्ली खाली ठेवा. एवढंच.

---

पिक्सेलपंत

रात्रवेडीने एका ओळीत सांगितलं ते फोडून लिहितो, कारण अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते किल्ली छातीशी धरून पळत सुटतात.

फँटो तुमच्या मागे येतच नाही, तो *किल्ली धरलेल्या माणसाच्या* मागे येतो. बी बटन दाबून किल्ली हातावेगळी केलीत की त्याच क्षणी तो पाठलाग सोडतो आणि वर उडत स्क्रीनबाहेर निघून जातो. परत उचललीत की परत येतो, पण बाहेरून आत यायला त्याला काही क्षण लागतात. ते क्षण तुमचे. म्हणून किल्ली सलग धावत न्यायची नाही, टप्प्याटप्प्याने न्यायची:

उचला, धावा, तो जवळ आला की टाका. तो वर जाऊन पूर्ण दिसेनासा होऊ द्या. मग उचला आणि पुढचा टप्पा.

यात चुका होतात त्या दोन. पहिली म्हणजे तो अजून स्क्रीनवर असतानाच घाईने किल्ली उचलणं. मग तो अर्ध्या वाटेतून वळतो आणि मिळालेली उसंत वाया जाते. दुसरी, कड्याच्या टोकाशी धावत असताना बी दाबणं. धावताना टाकलेली वस्तू पायाशी पडत नाही, पुढे फेकली जाते. त्यामुळे टाकण्याआधी थांबा आणि पुढे सपाट जमीन आहे हे बघून मगच सोडा.

---

अनघड

मला वाटतं भाजी नेम धरून मारली तर तो मरतो. मोठा सलगम पाहिजे.

---

पिक्सेलपंत

नाही, अनघड. मूळ निन्टेन्डोवरच्या आवृत्तीत भाजी त्याच्यावर चालत नाही, लहान असो वा मोठी. आणि भाजी फेकायची तर हात रिकामा हवा, म्हणजे किल्ली खाली ठेवलेली हवी. किल्ली खाली असेल तर फँटो तसाही निघून जातो. म्हणजे भाजी मारायची वेळच येत नाही.

---

शून्यआठ

त्याच्या हालचालीवर थोडं लिहितो, कारण ती कळली की भीती निम्म्याने कमी होते.

फँटो सरळ रेषेत तुमच्याकडे येत नाही. तुम्ही ज्या बाजूला असाल त्या बाजूला त्याचा वेग थोडा थोडा वाढत जातो. आडवा वेग वेगळा, उभा वेग वेगळा. त्यामुळे त्याला एकदम थांबता येत नाही. तुम्ही झटकन दिशा बदललीत तर तो आधीच्या वेगाने तुम्हाला ओलांडून पुढे जातो, मग त्याचा वेग कमी होतो, शून्य होतो, उलटा होतो आणि तो परत येतो. झोपाळ्यासारखं समजा. झोका जितका लांब, परत यायला तितका वेळ.

याचा उपयोग असा करायचा: तो मागून येत असेल तर एकसारखं पुढेच धावत राहू नका. तसं केलंत तर त्याचा आणि तुमचा वेग एकाच दिशेला जुळतो आणि तो अलगद येऊन चिकटतो. तो साधारण दोन अंगुळं मागे असताना एक-दोन पावलं उलट जा. तो डोक्यावरून पुढे निघून जाईल. मग पुन्हा तुमची वाट धरा. उलट वळायचं ते तो तुमच्यापेक्षा वर किंवा खाली असताना. बरोबर तुमच्या उंचीवर असताना वळलात तर सरळ त्याच्या तोंडात जाल.

अरुंद बोगद्यात ही युक्ती चालत नाही. तिथे पंतांची टाकाटाकीच बरी.

---

टोडप्रेमी

शून्यआठ, वा! हेच मला शब्दांत मांडता येत नव्हतं. या झोक्यामुळेच टोड चांगला पडतो. दिशा बदलल्यावर तो लगेच पुन्हा पूर्ण वेगात येतो आणि फँटोचा झोका पुरा होईतो बरंच अंतर कापतो.

---

फुलपाखरू७

टोडचा एवढा उदो उदो चाललाय म्हणून राजकन्येची बाजू मांडते. वाटेत मोठा खड्डा असेल तर ती हवेत सेकंदभर, फार तर दीड सेकंद तरंगते. फँटो उभ्या दिशेत खाली येत असतो, ती तेवढ्या वेळात एकाच उंचीवर आडवी सरकते, आणि तो खालून निघून जातो. नवख्या खेळाडूला टोडच्या वेगावर ताबा ठेवणं जड जातं. तो किल्लीसकट खड्ड्यात पडतो. त्यापेक्षा हळू पण सुरक्षित बरं.

---

टोडप्रेमी

खड्ड्याच्या वाटेपुरतं मान्य. पण १-२ मध्ये मोठी दरी आधीच, पिजिट या पक्षी-शत्रूच्या उडत्या सतरंजीवरून पार होते. ते सगळं किल्लीच्या आधी. किल्ली हातात आल्यानंतरचं अंतर थोडं आहे. तिथे राजकन्येच्या तरंगण्याचा फार फायदा नाही आणि मंद वेगाचा तोटा मात्र आहे.

---

फुलपाखरू७

ठीक. १-२ टोडला दिली. पुढच्या जगांवर मी ठाम आहे.

---

कागदीहोडी

एक महत्त्वाचा मुद्दा कोणीच लिहिला नाही. मूळ आवृत्तीत पात्र निवडता येतं ते लेव्हलच्या सुरुवातीला. मध्येच लाइफ गेली तरी त्याच पात्राने पुढे खेळावं लागतं. १९९३ च्या सुपर मारिओ ऑल-स्टार्समध्ये (जुन्या मारिओ खेळांचा नव्याने काढलेला संच) लाइफ गेल्यावरही पात्र बदलता येतं. म्हणजे त्या आवृत्तीत टोड की राजकन्या हा प्रश्न इतका जिवाचा राहत नाही. उनाडपतंग, तुम्ही कुठली आवृत्ती खेळताय?

---

उनाडपतंग

मूळचीच, १९८८ ची. सगळ्यांचे आभार. किल्ली टाकली की तो जातो हे खरंच ठाऊक नव्हतं. तरी माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. ही गोष्ट खेळ कुठे सांगतो? सांगत नसेल तर तो अन्यायच.

---

रात्रवेडी

खेळ सांगतो, पण न बोलता. खोली नीट आठवा. मुखवटा समोर आहे, डोळ्यांत डोळे घालून बघतोय, पण हलत नाही. तुम्ही हवं तितका वेळ उभं राहू शकता. बदल फक्त एका कृतीने होतो, किल्ली उचलल्याने. आणि तरीही तो लगेच सुटत नाही, आधी जागच्या जागी थरथरतो. त्या थरथरीत इतकं पाहून घ्यायचं की कारण तुमच्या हातात आहे. पहिल्या वेळी बहुतेक जण दचकून बटनं दाबतात, किल्ली हातातून सुटते आणि तो निघून जातो. म्हणजे घाबरण्यातूनच उत्तर सापडतं. हे फार प्रेमाने केलेलं काम आहे.

---

पिक्सेलपंत

अगदी. आणि त्यातलं बारीक पण हुशारीचं असं की बाकी शत्रू *जागेला* बांधलेले आहेत, हा *वस्तूला* बांधलेला आहे. शायगाय हा साधा चालणारा शत्रू त्याच्या फळीवर फिरतो, तुम्ही फळी ओलांडली की विषय संपला. फँटोच्या बाबतीत धोका तुम्ही स्वतः डोक्यावर घेऊन चाललेले असता. जी वस्तू हवी आहे तीच त्रास देणारी. मारता येत असता तर मारून टाकून आरामात चालत गेला असतात आणि किल्लीला वजन उरलं नसतं. उनाडपतंग म्हणतात तो अन्याय मला वाटत नाही. नियम पक्का आहे आणि तो एकदाही मोडत नाही. अन्याय तेव्हा झाला असता जेव्हा किल्ली टाकल्यावरही तो कधी गेला असता, कधी नसता.

---

अनघड

पण मग इतका चांगला शत्रू पुढच्या मारिओंमध्ये फारसा का नाही? शायगाय कुठे कुठे दिसतो. योशीज आयलंड काय, मारिओ कार्ट काय. दोघं एकाच खेळातून आले ना?

---

शून्यआठ

चांगला प्रश्न. हो, दोघंही एकाच खेळातून आले, आणि तो मुळात मारिओचा नव्हता. १९८७ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर (निन्टेन्डोचं डिस्कवर खेळ चालवणारं यंत्र) 'युमे कोजो: दोकी दोकी पॅनिक' आला. फुजी टेलिव्हिजनच्या 'युमे कोजो ८७' या उपक्रमासाठी निन्टेन्डोने तो केला होता. नायक इमाजिन, लीना, मामा आणि पापा. त्या उपक्रमाच्या सजावटीत मुखवटे होते, म्हणून खेळभर मुखवटेच मुखवटे: शायगायच्या तोंडावर मुखवटा, स्निफिट या दुसऱ्या शत्रूच्या तोंडावर मुखवटा, फँटो तर नुसताच मुखवटा. लेव्हलच्या शेवटचं दारसुद्धा मुखवट्याचं. मारिओच्या आवृत्तीत त्या दाराचं ससाण्याचं डोकं झालं, पण इंग्रजी नावात 'मास्क गेट' राहून गेलंच.

आता उत्तर. शायगाय चालतो, उभा राहतो, पडतो. त्याला कुठल्याही खेळात कुठेही ठेवता येतं. फँटोला किल्ली लागते. किल्ली डोक्यावर घेऊन न्यायची ही पद्धत पुढच्या मुख्य खेळांत मागे पडली, आणि किल्लीविना फँटो म्हणजे भिंतीवरची शोभा.

---

रात्रवेडी

भर घालते: फँटोचं जपानी नाव कामेन, मधला 'मे' लांबवून. जपानी भाषेत कामेन म्हणजेच मुखवटा. दोकी दोकी पॅनिकमधला चेहरा साधा होता, मारिओच्या आवृत्तीत तो जास्त भेसूर केला. माझ्या मते तो बदल योग्यच. थरथर सुरू होण्याआधीच त्या चेहऱ्याने अर्धं काम केलेलं असतं.

---

कागदीहोडी

आणखी एक दुवा. हा खेळ सुरू झाला तो वर-खाली सरकणाऱ्या स्क्रीनच्या प्रयोगातून. दिग्दर्शक केन्सुके तानाबे यांनी तसं सांगितलेलं आहे. म्हणून या खेळात उभे बुरुज, शिड्या, रांजणातून खाली उतरणं भरपूर आहे, जे पहिल्या मारिओत नव्हतं. दोन्ही दिशांनी पाठलाग करणारा शत्रू अशाच खेळात शोभतो.

जपानमध्ये हा मारिओ १९९२ मध्ये 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने गेला. तिथल्या लोकांना तोच मुखवटा दुसऱ्यांदा भेटला, नव्या चेहऱ्याने.

---

फुलपाखरू७

अनघड, फँटो अगदीच विस्मरणात गेला नाही. सुपर मारिओ मेकर २ मध्ये, म्हणजे खेळाडूंना स्वतःच्या लेव्हल्स बनवता येतात त्या खेळात, एप्रिल २०२० च्या ३.० अपडेटमध्ये शापित किल्ली आली. ती घेतली की फँटो येतो. पहिल्या मारिओ मेकरमध्ये २०१६ च्या अपडेटपासून किल्ल्या आणि कुलूपबंद दारं होतीच, त्यामुळे त्याला परत यायला जागा तयार होती. शून्यआठ म्हणतात तेच खरं: किल्ली आली, मागोमाग तोही आला.

---

शून्यआठ

बरोबर, पण तिथे एक मोठा फरक आहे आणि लेव्हल बनवणाऱ्यांनी तो लक्षात घ्यायलाच हवा. मारिओ मेकरमधली किल्ली हातात धरायची नसते. ती आपोआप मागे तरंगत येते आणि ती खाली ठेवता येत नाही. म्हणजे या धाग्यातली मुख्य युक्ती तिथे निकालात. एकदा घेतली की कुलूप उघडेपर्यंत तो मानगुटीवर.

म्हणून लेव्हल बनवताना:

किल्ली आणि दार यांत सुरुवातीला फार तर दोन-तीन स्क्रीनचं अंतर ठेवा. स्वतः खेळून बघा आणि मगच वाढवा.

वाट सलग अरुंद ठेवू नका. उलट वळून झोका चुकवण्यापुरती मोकळी जागा ठिकठिकाणी लागते. छत खाली आणून फँटो अडेल असं समजू नका. अडतो तो खेळाडू, फँटो भिंतीतून येतो.

खेळाडूला थांबायला लावणाऱ्या गोष्टी, म्हणजे हळू सरकणारी फळी किंवा वेळ साधून ओलांडायची आग, किल्लीच्या *आधी* ठेवा. किल्लीनंतर थांबायला लावलंत तर मार ठरलेला. त्यात खेळाडूच्या कौशल्याचा प्रश्नच उरत नाही.

शक्य असेल तर तोच रस्ता जाताना किल्लीविना आणि येताना किल्लीसह द्या. ओळखीच्या वाटेवर पाठलाग रंगतो.

---

टोडप्रेमी

शेवटचा मुद्दा मूळ खेळालाही लागू होतो. किल्लीच्या खोलीत गेल्या गेल्या किल्ली उचलूच नका. फँटो तोवर निवांत टांगलेला आहे, तुम्हाला मुभा आहे. आधी परतीची वाट साफ करा. वाटेतले शायगाय उचलून दूर फेका. आठ शत्रू मारलेत की हृदय तरंगत येतं, तेही घ्या. लेव्हलमधले मश्रूम आधी मिळवले असतील तर दोनाऐवजी चार हृदयं होतात, आणि मग एखादा फटका बसला तरी काम अडत नाही. फटका बसल्यावर थोडा वेळ अंग लुकलुकतं. त्या वेळात दुसरा फटका लागत नाही, तेव्हा न थांबता पळत सुटा.

---

अनघड

६-१ मध्ये तर रांजणांची अख्खी रांग आहे आणि किल्ली त्यातल्या एकातच. तिथे काय करायचं?

---

पिक्सेलपंत

तिथे शोधणं आणि नेणं ही दोन वेगळी कामं समजा. रांजण धुंडाळत असताना घाई नाही, मागे कोणी नाही. किल्लीचा रांजण सापडला तरी लगेच उचलू नका. बाहेर येऊन दार कुठल्या बाजूला, किती लांब, मध्ये काय काय, हे बघून घ्या आणि मग परत आत जा. किल्ली घेऊन बाहेर आल्यावर दार शोधत फिरणं हीच तिथली नेहमीची चूक.

---

कागदीहोडी

आणि १-३ ची किल्ली अजिबातच नको असेल तर वॉर्प, म्हणजे मधली जगं वगळणारी वाट, आहे. जादूच्या बाटलीतली पूड बुरुजात शिरण्याआधीच्या रांजणापाशी फेकून दार उघडायचं, सबस्पेसमध्ये, म्हणजे त्या दारापलीकडच्या अंधाऱ्या जगात, जायचं आणि तिथून त्या रांजणात उतरायचं. थेट चौथ्या जगात. फँटो तिकडे बुरुजातच टांगलेला राहतो.

---

उनाडपतंग

वॉर्प नको, किल्लीनेच जायचंय. आता माझ्या मूळ प्रश्नातला उरलेला भाग: शिडी. सपाट जागी टाकाटाकी जमते. पण शिडीवर चढताना वेग कमी आणि बाजूला सरकायला जागा नाही. तिथे नेमकं काय?

---

शून्यआठ

शिडीवर चुकवायचा प्रयत्नच करायचा नाही. शिडी सुरू होण्याआधी खेळी करायची.

शिडीच्या पायथ्याशी पोहोचा आणि एक-दोन पावलं अलीकडे, सपाट फरशीवर, स्थिर उभं राहून किल्ली टाका. तो वर निघून जाईल. इथे थांबायचं, तो पूर्ण अदृश्य होईपर्यंत. मग किल्ली उचला आणि त्याच दमात शिडी धरा, मध्ये एकही पाऊल वाया न घालवता. तो परत यायला जो वेळ घेतो, त्यात वरच्या फरशीपर्यंत जाता येतं किंवा निदान शेवटच्या पायऱ्यांपर्यंत. वर पाय टेकल्यावर लगेच पुन्हा टाका. बुरुजात प्रत्येक मजल्याला हेच.

शिडीपासून लांब टाकलीत तर उचलून शिडीपर्यंत येण्यातच वेळ जातो आणि तो अर्ध्यावर गाठतो. तुम्हाला शिडीवर हमखास मार बसतो त्याचं कारण बहुधा हेच. पायथ्याशी टाका, पाचशे पावलं मागे नाही.

---

टोडप्रेमी

आणि टोड घ्या. उचलण्यात वाचलेले क्षण तिथे मोजून कामाला येतात.

---

उनाडपतंग

पायथ्याशी टाकायची, तो दिसेनासा होईपर्यंत थांबायचं, वर पोहोचलं की पुन्हा टाकायची. समजलं. अन्यायाचा मुद्दा मागे घेतो. थरथर ही सूचना आहे हे रात्रवेडीने सांगितल्यावर ती खोली वेगळीच दिसायला लागली.

एक शेवटची शंका: कुलूपबंद दारापाशी आल्यावर किल्ली दाराजवळ टाकून चालते, की हातातच हवी?

---

पिक्सेलपंत

हातातच हवी. किल्ली डोक्यावर घेऊन दारासमोर बरोबर मध्यभागी उभे राहा आणि वरचं बटन दाबा. तिरपे उभे असाल तर दार उघडत नाही आणि त्या चाचपडण्यात फँटो येऊन धडकतो. म्हणून शेवटचा टप्पाही शिडीसारखाच: दाराच्या अगदी समोर टाका, तो गेला की उचला, जागेवरून न हलता वर दाबा.